कोंबड्या खुराड्यात का जात नाहीत?

आर्णी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र, थोडं कमी करून:

"माझ्याकडे १४ गावरान कोंबड्या, २ कोंबडे आणि ४ गिरिराज (सुधारित जातीच्या) आहेत. पोळ्याच्या आधीपासून गावरान कोंबड्या रात्री खुराड्यात जायला मागत नाहीत. अंगणातल्या कडुनिंबावर नाहीतर कोठ्याच्या कवेलूंवर जाऊन बसतात. अंडी निम्म्यावर आली, तुरे फिके पडले. सकाळी अंडी काढताना हातावर बारीक लाल किडे चढतात, पोरांना खाज सुटते. शेजारी म्हणतात, कपाशीचं औषध मारा. पण त्यासाठीही कोंबडी हाती आली पाहिजे. उन्हाळ्यात लस द्यायला पोरांनी दुपारी पळवून पळवून धरलेली एक कोंबडी हातातच मेली, तेव्हापासून धरायचीच भीती वाटते. कशी धरावी, काय काय पाहावं, हे किडे पुन्हा होऊ नयेत म्हणून काय करावं? आणि सध्याची अंडी खायची की नाही?"

ताई,

आधी ते कपाशीचं औषध कुलपात ठेवा. कोंबडी दिवसभर चोचीनं पिसं साफ करते, म्हणजे अंगावर मारलेलं काहीही शेवटी तिच्या पोटात जातं आणि तिथून अंड्यात उतरू शकतं. २०१७ च्या हंगामात तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे तुम्हाला सांगायला नको. दीड किलोच्या जिवाला ते काय झेपणार? तंबाखूचं पाणी, घासलेट, जळकं ऑइल यांचंही तेच. निकोटिन कातडीतून भिनतं, घासलेटनं कातडी भाजते. बैलांच्या गोचिडाचं औषध अंदाजानं पाण्यात टाकून त्यात कोंबडी बुचकळणं हा तर हमखास कोंबडी मारण्याचा उपाय आहे.

आता मूळ दुखणं. तुमच्या कोंबड्यांनी ते तुम्हाला कधीच सांगितलंय. अंधार पडल्यावर आपणहून खुराड्यात जाणारी कोंबडी झाडावर बसू लागली, तर रात्री खुराड्यात तिला काहीतरी छळतंय. एक तर साप-मुंगूस, नाहीतर तांबडा माइट. लाल किडे, फिके तुरे आणि घटलेली अंडी हे सगळं जोडून पाहिलं तर तुमच्याकडे माइटच आहे. हा जेमतेम १ मिलिमीटरचा, आठ पायांचा, गोचिडाचा भाऊबंद. उपाशी असला की राखाडी, रक्त प्यायला की लाल. तो कोंबडीच्या अंगावर राहत नाही, खुराड्याच्या फटीत राहतो. रात्री बाहेर येतो, तासाभरात रक्त पिऊन परत फटीत जातो. म्हणून भर दिवसा कोंबडी धरून पिसं कितीही उचकली तरी हाती काही लागत नाही आणि माणूस म्हणतो, कोंबड्या तर साफ आहेत.

पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा कुड, त्यावर शेणामातीचा लेप, आत बांबूची दांडी, खाली कुटार: आपल्याकडचं खुराडं हे असं असतं, आणि माइटला याहून चांगलं घर मिळणार नाही. लेप वाळला की भेगा पडतात, चिरलेला बांबू आतून पोकळ असतो. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात माइटचा जोर मोडतो. पाऊस पडून हवा दमट झाली आणि तापमान २५ ते ३० अंशांवर आलं की मात्र अंड्यापासून पूर्ण वाढलेला माइट व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. पोळा ते दिवाळी हा त्याचा हंगाम. आणि खुराडं महिनाभर रिकामं ठेवलं की उपाशी मरेल, या भरवशावर राहू नका. रक्ताविना तो कित्येक महिने तग धरतो.

खात्री आजच रात्री करून घ्या. नऊ-दहा वाजता बॅटरी घेऊन खुराड्यात जा आणि पांढरं फडकं दांडीच्या खालच्या अंगानं दाबून फिरवा. फडक्यावर रक्ताच्या लाल रेघा उठल्या की निकाल लागला. दिवसा पाहायचं तर दांडी जिथे भिंतीत अडकते ती जागा सुरीच्या टोकानं खरवडा. तिथे मीठ-मिरी सांडल्यासारखी राखाडी भुकटी दिसेल, ती त्यांची विष्ठा आणि कात.

मग कोंबड्या धरायच्याच कशाला? कारण अंगावर राहणारे वेगळे असतात. उवा तिथेच जन्मतात, तिथेच मरतात. माइटची एक जात शेपटीखालच्या पिसांत मुक्काम ठोकते. चिकट पिसवा तोंडावर आणि तुऱ्यावर रुतून बसतात. पायाच्या खवल्यांत शिरणारा माइट आणखी निराळा. यांना खुराडं धुऊन काही होत नाही, आणि तांबड्या माइटला कोंबडी धुऊन काही होत नाही. दुखणं कुठे राहतंय हे कळल्याशिवाय रुपयाचीही पावडर आणू नका. शिवाय कोणती कोंबडी रक्त जाऊन किती खंगली, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

उन्हाळ्यातली ती कोंबडी का मेली, ते समजलं तर भीती जाईल. कोंबडीला घाम येत नाही, अंगातली उष्णता ती चोच उघडी ठेवून धापा टाकत बाहेर काढते. भर दुपारी पळवली की ती आधीच तापलेली असते. वर पोरं भीतीपोटी छाती घट्ट आवळून धरतात. आपल्यासारखा श्वासपटल कोंबडीला नसतो. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आतबाहेर होते. छाती आवळली की नाक मोकळं असूनही ती गुदमरते. बाजारात नेतात तशी पाय धरून उलटी लटकवली तर पोटातल्या अवयवांचा भार हवेच्या पिशव्यांवर येतो, आणि गळ्याशी साठलेला दाणा-पाणी उलट येऊन श्वासनळीत जाऊ शकतो. पंख धरून उचललं तर सांधा निखळतो, मान धरली तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. तेव्हा कोंबडी धरल्यानं मेली नाही, धरायच्या तऱ्हेनं मेली.

धरायची वेळ म्हणजे रात्र. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, ती जागची हलत नाही. पण तुमच्या कोंबड्या झाडावर आहेत, आणि कडुनिंबावर रात्री चढायचं काही कारण नाही. त्यांना त्या जुन्या खुराड्यात कोंडूही नका, रात्रभर माइटच्या ताटात वाढून दिल्यासारखं होईल. कोठ्याचा एखादा कोपरा किंवा दार लागणारी रिकामी खोली निवडा. तीन-चार दिवस संध्याकाळी दिवस मावळायच्या अर्धा तास आधी तिथेच कनकी किंवा ज्वारी टाका, नेहमीच्याच हाकेनं, नेहमीच्याच भांड्यात. इतर वेळी दाणा कमी. चौथ्या-पाचव्या दिवशी सगळ्या आत आल्या की दार लावा आणि पुरता अंधार होऊ द्या. बॅटरीच्या तोंडावर पातळ फडकं बांधा, मंद उजेड पुरतो. दोघं जण पाहिजेत: एक धरणारा, एक पाहणारा-लिहिणारा. पोरांना त्या दिवशी बाहेर ठेवा. एका कोंबडीला दोन-तीन मिनिटं, म्हणजे तुमच्या वीस पक्ष्यांना तासभर.

बॅटरी खाली करून मागून जा. दोन्ही तळवे कोंबडीच्या पाठीवर दोन बाजूंनी ठेवा आणि पंख अंगाशी मिटवून घ्या. दाब खांद्यांवर हवा, छातीवर नाही. पंख मिटले की ती अर्धी शांत होते. मग डावा तळहात समोरून छातीखाली सरकवा: मधली दोन बोटं दोन पायांच्या मध्ये, अंगठा आणि करंगळीकडची बोटं पायांच्या बाहेरून. दोन्ही पाय हलके पकडले गेले आणि सगळं वजन तळहातावर व मनगटावर आलं पाहिजे. तिचं डोकं तुमच्या कोपराकडे, शेपटी पुढे. कोंबडी बगलेशी टेकवा, म्हणजे एक पंख तुमच्या अंगानं आणि दुसरा उजव्या हातानं दबतो. आता शेपटीखालची जागा पाहणाऱ्याच्या समोर येते आणि तुमचा उजवा हातही लागेल तसा मोकळा होतो. धडपडली तर पकड आवळू नका. डोक्यावर दुपट्ट्याचं टोक टाका. डोळ्यांपुढे अंधार आला की ती गप होते.

गिरिराज जड असते. तिला दांडीवरून ओढून उचलू नका, खालून आधार देऊनच घ्या, नाहीतर मांडीचा सांधा दुखावतो. कोंबड्याच्या पायाचा काटा लागतो, म्हणून त्याचे पाय आधी ताब्यात घ्या आणि तोंडाजवळ नेऊ नका. खुडूक कोंबडी उचलण्याआधी तिच्या पंखाखाली हात फिरवा. पंखात अंडं किंवा पिल्लू धरून बसायची तिला सवय असते आणि उचलताना ते पडतं.

दिवसा धरायची वेळ आलीच, समजा कोणी लंगडतेय, तर पाठलाग करू नका. ताटव्याचा किंवा पोत्याचा आडोसा धरून हळूहळू भिंतीच्या कोपऱ्यात आणा आणि वरून डालं टाका. अर्ध्या मिनिटात कोपऱ्यात आली नाही तर सोडून द्या, संध्याकाळी बघता येईल. उन्हाळ्यात सकाळी सातनंतर आणि दिवस मावळण्याआधी कोंबडीला हात लावायचाच नाही. तारेच्या आकड्यानं पाय अडकवून धरणारे असतात, त्यांचा हात बसलेला असतो. नवख्यानं केलं तर नळीचं हाड मोडतं. हातात असताना चोच उघडी पडली, तुरा निळसर झाला किंवा मान सैल पडली, की पाहणं तिथेच थांबवा. सावलीत, वाऱ्याला, जमिनीवर ठेवा आणि पाणी समोर ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. सोडतानाही उंचावरून फेकायची नाही. पाय जमिनीला टेकल्यावर हात काढा. अंडं देणाऱ्या कोंबडीच्या पोटात बहुतेक वेळ एक तयार होत असलेलं अंडं असतं, ते आत फुटलं तर पोटात सडतं.

आता पाहायचं काय. आधी वजन. कापडी पिशवीत घालून, डोकं बाहेर ठेवून, ताणकाट्याला लावा. गावरान कोंबडी साधारण सव्वा ते दीड किलोची असते, पण सरासरीपेक्षा तिचं स्वतःचं मागच्या महिन्याचं वजन महत्त्वाचं. ओळख राहावी म्हणून पायात प्लास्टिकची कडी घाला किंवा एकेका नखाला वेगळ्या रंगाचं नेलपॉलिश लावा. दोरा बांधू नका, पाय वाढतो आणि दोरा कातडीत रुततो. काटा नसेल तर अंगठा छातीच्या मधल्या हाडावरून फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर ठीक. हाडाची धार टोचली आणि बाजूला खड्डे लागले तर कोंबडी खंगलीय.

डोळे टपोरे, कोरडे हवेत. कोपऱ्यात फेस, सुजलेला चेहरा किंवा घरघर असेल तर सर्दीचा आजार धरा आणि ती कोंबडी आजच वेगळी करा. तुऱ्यावर काळ्या खपल्या म्हणजे बहुतेक देवी. तोंड उघडून आत पिवळा चिवट थर नाही ना, ते पाहा. तुरा आणि डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पांढरीफट्ट असेल तर रक्त कमी झालंय, आणि तुमच्याकडे ते दिसणारच. गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्री भरलेली असणार, त्यात काही नाही. सकाळी दाणा टाकायच्या आधीही ती टणक लागली तर कुटार, सुतळी किंवा प्लास्टिक अडकलंय. ते घरी पिळून काढायच्या फंदात पडू नका, दवाखान्यात न्या.

सगळ्यात जास्त वेळ शेपटीखाली द्या. मागच्या मऊ पिसांवर फुंकर मारा, पिसं दुभंगतील. कातडी गुलाबीसर आणि साफ हवी. गवताच्या रंगाच्या, २-३ मिलिमीटरच्या, उजेड पडताच पळणाऱ्या त्या उवा. पिसाच्या मुळाशी पांढरा-राखाडी गड्डा चिकटलेला दिसला तर त्या लिखा. पिसं काळपट, तेलकट झालीत आणि खपल्या आल्यात, मधून काळे ठिपके सरकतायत, तर अंगावर राहणारा माइट. दहा आकडे मोजेपर्यंत टक लावून पाहा, घाईत उवा निसटतात. मग दोन्ही पंखांखाली आणि मानेच्या मुळाशी हेच. पंखाखाली निळसर-काळे, न हलणारे दाणे दिसले तर ती कोंबड्यांच्या गोचिडाची पिल्लं. मोठी गोचीड दिवसा फटीत लपते आणि स्पायरोकीट नावाच्या जिवाणूचा ताप पसरवते. त्यात कोंबडी पाय गळून बसते आणि हिरवी हगते. राणीखेत रोगातही हिरवी हगवण असते, म्हणून असं काही दिसलं की घरचा अंदाज नको, १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा किंवा दवाखाना गाठा. एकाच वेळी अनेक पक्षी पटापट मरू लागले तर मेलेल्यांना हात न लावता, उघडून न पाहता कळवा.

शेवटी पाय. खवले सपाट आणि चकचकीत हवेत. ते उचकटून वर आलेत, खाली पांढरी भुकटी जमलीय आणि नळी जाड दिसतेय, तर खवल्यांतला माइट. तळव्याला काळी खपली आणि सूज असेल तर काटा गेलाय किंवा उंच दांडीवरून उड्या मारून मार बसलाय. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण असेल तर हे वरचेवर होणार.

ज्यांच्या अंगावर उवा किंवा माइट सापडले, त्यांच्यासाठी दवाखान्यातून कोंबड्यांसाठी असं लेबलवर लिहिलेली परमेथ्रिनची भुकटी आणा. ती फेकून मारायची नाही. लेबलवरचं प्रमाण घेऊन शेपटीखाली, दोन्ही पंखांखाली आणि पाठीवर, पिसांच्या उलट दिशेनं कातडीपर्यंत बोटांनी चोळा. डोळे-चोच टाळा, तोंडावर दुपट्टा बांधा. लिखा औषधानं मरत नाहीत, त्या फुटून नवीन उवा निघतात, म्हणून १० दिवसांनी दुसरा हात द्यावाच लागतो. तो न दिल्यानंच 'पावडरनं काही होत नाही' असं लोक म्हणतात. लिखांचे गड्डे असलेली पिसं कात्रीनं कापून जाळून टाका. लहान पिल्लांना पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय काही लावू नका. आयव्हरमेक्टिनचे थेंब लावा असं कोणी सुचवेल; अंडी देणाऱ्या कोंबडीला तेही विचारल्याशिवाय नको, औषध अंड्यात उतरतं. तोंडावरच्या चिकट पिसवांवर व्हॅसलिनचा थर द्या, डोळा वाचवून. त्या गुदमरून सुटतात, उपटल्या तर जखम होते. पायाच्या खवल्यांसाठी कोमट साबणपाण्यात पाच मिनिटं पाय बुडवा, मऊ जुन्या टूथब्रशनं हलकेच घासा, कोरडे करून व्हॅसलिन किंवा जवसाचं तेल दाट चोपडा. खपल्या ओढून काढू नका. तीन दिवसांआड, तीन-चार आठवडे. पायाला पूर्वीचा घाट यायला मात्र काही महिने लागतात.

आता खुराडं. तुमचं मूळ दुखणं इथेच आहे, म्हणून मेहनतही इथेच करा. कोंबड्या कोठ्यात असतानाच हे उरका. आतलं कुटार, जुनी घरटी, कोपऱ्यातल्या चिंध्या सगळं पोत्यात भरून लांब नेऊन जाळा. अंगणात झटकलं तर माइट परत येतात. खराटा आणि सुरीनं प्रत्येक फट खरवडा. मग उकळतं पाणी, कोमट नाही, किटलीनं फटीफटीत ओता. त्यामागून एका लिटरला दोन चमचे भांड्यांचं लिक्विड घातलेलं साबणपाणी ब्रशनं घासा. साबणानं माइटच्या अंगावरचा मेणकट थर जातो आणि तो सुकून मरतो. दिवसभर ऊन लागू द्या. कुडाला टेंभा दाखवून माइट जाळायचा मोह होईल. पऱ्हाटी किती लवकर पेटते ते तुम्हाला ठाऊक आहे, ते करू नका.

भेगा नुसत्या शेणामातीनं लिंपल्या तर महिन्याभरात पुन्हा उघडतात. लेपात थोडा चुना किंवा सिमेंट मिसळा. वाळल्यावर चुन्याचे दोन हात द्या: १ किलो कळीचा चुना ५ लिटर पाण्यात आदल्या दिवशी भिजवा, त्यात मूठभर मीठ घाला म्हणजे पोपडे कमी सुटतात. चुना फुलताना पाणी उकळतं, तेव्हा प्लास्टिकची बादली नको, पोरं जवळ नकोत आणि डोळे सांभाळा. चुन्याचे हात पूर्ण वाळेपर्यंत, निदान एक दिवस, कोंबड्या आत सोडू नका.

बांबूची दांडी काढून टाका. तिच्या पोकळीत उकळतं पाणी शेवटपर्यंत पोहोचत नाही. सागाची किंवा कडुनिंबाची सोललेली, ४-५ सेंटिमीटर जाडीची, कडा गोल केलेली सलग काठी लावा, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, एका कोंबडीला वीतभर जागा धरून. ती भिंतीत पुरू नका, सुट्या दोन घोड्यांवर (लाकडी स्टँडवर) ठेवा. घोड्यांचे पाय जुन्या डब्यांत उभे करून डब्यांत दोन बोटं तेल घाला. इथे जळकं ऑइल चालतं, फक्त कोंबडीचं तोंड पोहोचणार नाही असं झाकण हवं. दांडीचं टोक भिंतीला टेकलं की हा सगळा खटाटोप वाया, माइट त्याच पुलावरून येतो. दांडी सुटी असली की आठवड्याला बाहेर काढून तिच्यावर उकळतं पाणी ओतणं पाच मिनिटांचं काम आहे.

सातव्या दिवशी हेच पुन्हा, आणि चौदाव्या दिवशी पुन्हा. एकदाच धुतलं तर फटीच्या तळाशी वाचलेली अंडी-पिल्लं आठवड्याभरात मोठी होऊन पुन्हा अंडी घालतात. मधल्या दिवसांत दांडीखाली नाळीदार खोक्याचा पुठ्ठा, हातभर लांब, बांधून ठेवा. रक्त पिऊन परतणारे माइट त्याच्या नळ्यांत लपतात. दोन दिवसांनी पुठ्ठा पिशवीत घालून जाळा, नवा बांधा. पुठ्ठ्यावर काही सापडेनासं झालं की तुम्ही जिंकत आहात. तीन फेऱ्यांनंतरही सापडले तर मगच पशुवैद्यकांकडून खुराड्यात फवारायचं औषध घ्या, कोंबड्या आणि दाणा-पाण्याची भांडी बाहेर काढून फवारा आणि वाळल्यावर आत सोडा. तेच औषध दरवर्षी वापरलं तर माइट त्याला दाद देईनासे होतात, म्हणून ते शेवटी ठेवायचं.

धुळीची अंघोळ कोंबडीची स्वतःची औषधयोजना आहे, तिला जागा द्या. छपराखाली, पाऊस शिरणार नाही अशा ठिकाणी दोन फूट लांब, दोन फूट रुंद, फूटभर खोल खड्डा किंवा फुटकं टोपलं. त्यात दोन घमेली कोरडी बारीक माती-रेती आणि एक घमेलं चुलीची चाळलेली राख. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख नको. राख ओली झाली की कातडीला झोंबते, म्हणून भिजली तर बदला. कडुनिंबाचा पाला टाकायला हरकत नाही, पण तुमच्या कोंबड्या कडुनिंबावरच झोपतायत आणि तरी रात्री खुराड्याला भितात, तेव्हा पाल्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

पुढे महिन्यातून एकदा सगळ्यांची तपासणी आणि पोळा ते दिवाळी दर आठवड्याला दांडीचं फडकं, एवढं पुरतं. गावात उमेदची (बचत गटांच्या सरकारी अभियानाची) पशुसखी असेल तर जंताचं औषध किंवा राणीखेतची लस त्याच रात्री उरकून घ्या, म्हणजे कोंबडी दोनदा धरावी लागत नाही. मात्र पांढऱ्याफट्ट तुऱ्याच्या, खंगलेल्या कोंबड्यांना लस लगेच नको. त्यांना आधी पंधरा दिवस ज्वारीबरोबर शेवग्याचा पाला आणि वाळवी मिळू द्या. आठवडी बाजारातून नवी कोंबडी आणाल तर घेण्याआधीच शेपटीखाली फुंकर मारून पाहा, आणि घरी दोन आठवडे वेगळ्या डालाखाली ठेवा. नव्या पक्ष्याबरोबर आणि बाजारातल्या उसन्या टोपल्यांबरोबरच माइट बहुतेक घरात येतो. चिमण्यांची घरटी खुराड्याच्या छपरात असतील तर तीही काढा, पिल्लं उडून गेल्यावर.

अंड्यांचं विचारलंत. माइटमुळे अंडं खराब होत नाही. कोरड्या फडक्यानं पुसून, पूर्ण उकडून किंवा शिजवून पोरांना द्या. कवचावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतील, ते चिरडलेल्या माइटचे असतात. अंगाला भुकटी लावलेल्या कोंबड्यांची अंडी मात्र लेबलवर जितके दिवस सांगितलेत तितके दिवस बाजूला काढा. खाजेचं कारण तोच माइट आहे. तो माणसाला चावतो पण माणसाच्या अंगावर टिकत नाही. खुराड्याला लागलेली पोरांची खाट दुसरीकडे हलवा, अंडी काढायचं काम दोन आठवडे मोठ्यांनी करावं, खुराड्यात वापरलेले कपडे गरम पाण्यात धुवा. खुराडं साफ होऊन पंधरा दिवस झाले तरी खाज राहिली तर पोरांना प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, मग ती खाज वेगळी आहे.